नव्वद मिनिटांची कॅसेट

अण्णा, तुमच्या लाडक्या बँडचा तो एक्क्याण्णव-ब्याण्णवचा अल्बम परवा मी पुन्हा ऐकला. तीस वर्षांनी. हो, मीच, जिला कान नाहीत ती. आमच्या स्टुडिओत नागपूरची एक मुलगी माझ्या हाताखाली काम करते. सर्जापूर रोडला राहते, रोज दोन तास ट्रॅफिकमध्ये बसून येते आणि त्या दोन तासांत काय काय ऐकत असते. एका जाहिरातीसाठी गिटारचा आवाज कसा हवा यावर आमचा खल चालला होता, तर तिनं त्या अल्बममधलं शेवटचं गाणं लावलं. म्हणाली, "मॅम, हे ऐका ना, किती क्लीन आहे." पाचव्या मिनिटाला माझा हात आपोआप पुढं गेला आणि मी ते बंद केलं. ती म्हणाली, "मॅम, अजून अर्धं गाणं बाकी आहे." मी म्हटलं, माहीत आहे. आणि मग क्लायंटच्या चार माणसांसमोर तिला म्हणाले, की गिटार ऐकायला कान लागतात, तुझ्याकडं फक्त हेडफोन आहेत. ती हसली, कारण बॉस असं काही बोलली की हसायचं असतं. मग दुपारभर ती खाली मान घालून काम करत राहिली. संध्याकाळी घरी येऊन मी ते उरलेलं अर्धं गाणं ऐकलं, आणि आज वही काढली.

तुम्ही गेलात तेव्हा पन्नासचे होता. मी आता पन्नासची आहे. म्हणजे आपण एका वयाचे झालो, तर आता बरोबरीनं बोलायला हरकत नसावी.

आपल्या सगळ्या गोतावळ्यात तुम्ही एक विचित्र माणूस होता. पणजोबा कधीतरी शिवणकामाची यंत्रं घेऊन इकडं आले, घरात मराठी राहिली, दारात कन्नड आली. काका-आत्यांकडं गुरुवारी भजन असायचं आणि आपल्या मल्लेश्वरमच्या घरात, आठव्या क्रॉसच्या त्या दोन खोल्यांत, रविवारी सकाळी इंग्लिश रॉक वाजायचं. आजी म्हणायची, ह्याला स्वल्प वेड लागलंय, लग्न झालं की जाईल. लग्न झालं, मी झाले, वेड राहिलं. आठवडाभर तुम्ही सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये डाय, म्हणजे पत्रा कापायचे साचे, बनवायचात. सकाळी सहाला निळी बस, संध्याकाळी साडेचारला निळी बस. कारखान्यात तुमच्या हाताचं नाव होतं. कापलेल्या धातूच्या काठावर जी बारीक खरबरीत कड राहते, तिला तुम्ही लोक बर म्हणता. तुमच्या कामाला बर नसायची. हे तुम्ही घरीही सांगायचात. पोळीचा काठ जाड राहिला तरी आईला म्हणायचात, "बर राहिली बघ." ती पोळी आई स्वतः खायची.

रविवारी तुमचे तीन मित्र यायचे. टूलरूममधले दोघे आणि एक कॉलेजातले लेक्चरर. चौघं जण पंखा बंद करून बसायचे, कारण पंख्याचा आवाज होतो. मी दहा वर्षांची असल्यापासून त्या बैठकीत माझी परीक्षा व्हायची. तुम्ही रेकॉर्डवर सुई कुठंतरी टेकवायचात, दोन सेकंदांत उचलायचात. "हं, सांगा मॅडम. गिटार कोण वाजवतोय?" बरोबर सांगितलं तर काही नाही, पुढचं. चुकलं तर शिक्षा ठरलेली. मी आतून कॉफीचा ट्रे आणायचा, आणि प्रत्येकाच्या हातात लोटा, म्हणजे स्टीलचा पेला, देताना म्हणायचं, "मला ऐकू येत नाही." चार लोटे, चार वेळा. पहिल्यांदा सगळे हसले. नंतर नंतर लेक्चरर म्हणायचे, "बेडप्पा," म्हणजे नको बाबा, "पुरे, मूल आहे." तुम्ही म्हणायचात, "मूल नाही, मुलगी आहे. हिच्या कानांचा उपयोग एकच, डूल घालायला." आणि मी तो लोटा त्यांच्या हातात देत म्हणायचे, मला ऐकू येत नाही. सोळाव्या वर्षापर्यंत म्हटलं. तुम्हाला वाटायचं यानं माझे कान तयार होतायत. खरं सांगते, झाले. मी तुमचा इतका द्वेष केला की त्या द्वेषापोटी मी दोन सेकंदांत कुठलीही गिटार ओळखायला शिकले. आणि तरी अधूनमधून मुद्दाम चुकायचे, कारण मी सलग बरोबर सांगायला लागले की तुमचा चेहरा उतरायचा, आणि त्या उतरलेल्या चेहऱ्याची मला तुमच्या हसण्यापेक्षा जास्त भीती वाटायची.

तुमच्या त्या बँडमध्ये दोन गायक होते. तुमच्या कॉलेजच्या दिवसांत ते एकत्र गायचे, मग भांडले, बँड मोडला, आणि बारा-तेरा वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. तुम्हाला ते भांडण घरचं भांडण असल्यासारखं लागलं होतं. जेवताना एकदम म्हणायचात, "दोघांनी एकदा समोर बसायला हवं." आईला वाटायचं तुम्ही काका-आत्यांच्या वाटणीबद्दल बोलताय. आणि मग ते खरंच समोर बसले. नवा अल्बम आला. इकडं दुकानात यायला अजून वर्षभर होतं, पण संपिगे रोडला मामांचं रेकॉर्डिंगचं दुकान होतं, आणि मामांच्या एका गिऱ्हाइकानं सिंगापूरहून सीडी आणली होती.

मामा म्हणजे तुमचे शाळेपासूनचे मित्र. माझे सख्खे कोणी नव्हते, कन्नड बोलणारे, पण मामाच. देवाची गाणी आणि सिनेमाची गाणी भरून द्यायचे, इंग्लिश त्यांना कळायचं नाही. पण तुमच्यासाठी शहरभर शोधून आणायचे. कारखान्याची बस तुम्हाला त्यांच्या दुकानासमोर सोडायची. तुम्ही आधी त्यांच्या स्टुलावर बसून अर्धा तास गप्पा मारायचात आणि मग घरी यायचात. मी तुम्हाला मनमोकळं हसताना पाहिलंय ते त्या स्टुलावर. घरी तसं हसणं कधी आलं नाही.

त्या शनिवारी तुमची दुसरी पाळी होती आणि सीडी संध्याकाळी परत द्यायची होती. तुम्ही मला दोन जपानी कॅसेट दिल्या. एक नव्वद मिनिटांची, अल्बमसाठी. दुसरी साठ मिनिटांची. "ही तुझी," तुम्ही म्हणालात. "सतरा पूर्ण झालीस ना. तुला पाहिजे ते भर, मी विचारणार नाही." तुम्ही मला स्वतःहून दिलेली ती पहिली वस्तू. मला आनंद झाला असणार. पण आठवतं ते हे, की मी दोन्ही कॅसेट शेजारी धरल्या आणि पाहिलं की माझी लहान आहे.

दुकानात मामांनी मला आत घेतलं. त्यांच्याकडं रीत अशी होती, की ओळखीच्या माणसानं आपलं आपण भरून घ्यायचं. सीडी लावायची, दोन बटणं एकदम दाबायची, बाजू संपली की उलटायची. ते मला म्हणाले, "नी माडू मगू, मी जेवून येतो." तू कर म्हणून सांगून घरी गेले. मी डेकमध्ये साठची घातली. चुकून नाही. पहिली बाजू नीट बसली. दुसऱ्या बाजूला शेवटचं गाणं, नऊ मिनिटांचं. त्याच्या पाचव्या मिनिटाला, गिटार चढत चढत सगळ्यात वर गेली असताना, टेप संपली आणि बटण खट् करून वर आलं. सीडी चालूच होती. स्पीकरवर गाणं पुढं गेलं. गिटार खाली उतरली, सगळी वाद्यं थांबली, आणि ते दोघं गायला लागले. एकत्र. नुसते आवाज. पूर्ण अल्बमभर आळीपाळीनं गायलेले ते दोन म्हातारे तिथं पहिल्यांदा एकत्र गातात, चार मिनिटं. मी ते दुकानात एकटीनं उभी राहून ऐकलं. मला कळलं की हेच ते, जेवताना तुम्ही ज्याच्याबद्दल बोलता ते. आणि मला कळलं की हे आता तुमच्याकडं नाही आणि माझ्याकडं आहे.

मग मी व्यवस्थित काम केलं. कॅसेटवर साठ असं छापलेलं होतं, तिथं पांढरा कागद चिकटवला. तुम्ही कारखान्यातून आणलेल्या ड्रॉइंगच्या कागदाचं कार्ड कापलं, तुमच्यासारख्या सरळ अक्षरात गाण्यांची नावं लिहिली. कागदाचे काठ ब्लेडनं साफ केले. बर राहू दिली नाही. मामा जेवून आले, तर म्हणाले, "तुंबा चेन्नागिदे." फार छान झालंय.

रविवारी तुम्ही कॅसेट लावली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. शेवटचं गाणं सुरू झालं तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं, आता कळणार, आणि मग मी काय सांगणार. गिटार चढली. खट्. तुम्ही डोळे मिटून बसला होता. मग डोळे उघडलेत आणि म्हणालात, "बघितलं? असं थांबायला छाती लागते. वर गेले आणि तिथंच सोडलं. कट बघ, कट. कुठं बर नाही." लेक्चरर म्हणाले, "आयला, हे कुणी केलं नव्हतं." टूलरूमवाल्या दोघांनी मान डोलावली. आणि मी, जिला दहा सेकंद आधी धडकी भरली होती, तिला हसू फुटलं. मी आत जाऊन पदराएवढं फडकं तोंडात धरून हसले. आई म्हणाली, काय झालं गं. मी म्हटलं, अण्णांना छान ऐकू येतं.

दुसरा कोणी असता तर त्यानं विचारलं असतं, टेप तर संपली नाही ना. तुम्ही विचारलं नाहीत, कारण आयुष्यभर तुम्ही लोखंड कापलं होतं आणि स्वच्छ कापलेलं काहीही तुम्हाला मुद्दाम कापलेलं वाटायचं. पुढची दोन वर्षं तुम्ही त्या खट्वर प्रवचनं दिलीत. कॅसेट मागून नेऊन लोकांनी तिच्या कॉप्या केल्या. तुमच्या ओळखीतल्या निम्म्या घरांत ते गाणं पाचव्या मिनिटाला मरायचं. लेक्चररांनी वर्गात सांगितलं म्हणे, कलेत थांबणं कसं महत्त्वाचं असतं ते. आणि प्रत्येक रविवारी, खट् झाल्यावर, थोडा वेळ गेल्यावर तुम्ही हळूच म्हणायचात, "एकदा तरी दोघांनी मिळून गायला हवं होतं रे. बाकी सगळं केलं, तेवढं केलं नाही." हे ऐकायला मी दारात येऊन उभी राहायचे. अण्णा, मला दुसरी करमणूक नव्हती असं नाही. पण याच्याइतकी चांगली नव्हती. तुमच्या हातात लोटा देताना मी मनात म्हणायचे, तुम्हाला ऐकू येत नाही.

चौऱ्याण्णवमध्ये मला स्टुडिओतून बोलावणं आलं. रेडिओच्या जाहिराती करणारा छोटा स्टुडिओ, असिस्टंटची जागा. मी कुणाला न सांगता जाऊन आले होते. त्यांनी मला वीस आवाज ऐकवले, मी वीसही ओळखले, आणि तिथला इंजिनियर म्हणाला, सोमवारपासून ये. मी तुम्हाला रविवारी विचारलं, सगळ्यांसमोर, कारण मला वाटलं लोकांसमोर तुम्ही नाही म्हणणार नाही. तुम्ही हसलात. मित्रांकडं वळून म्हणालात, "मायक्रोफोनसमोर जाऊन ही काय सांगणार? मला ऐकू येत नाही?" टूलरूमवाला एक जण मोठ्यानं हसला. मग तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "बँकेची परीक्षा दे. नोकरी कान नसलेल्यांनाही मिळते."

तोवर अल्बमची खरी कॅसेट ब्रिगेड रोडला आली होती आणि गेले चार महिने ती माझ्या कपाटात पडून होती. कशासाठी घेतली होती ते मलाही माहीत नव्हतं. त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, "सरी अण्णा, ठीक आहे. बँकेची परीक्षा देते. त्याआधी एक गाणं लावू?" तुम्ही हात हलवून परवानगी दिलीत. गाणं सुरू झालं तसे तुम्ही नेहमीसारखे डोळे मिटलेत. गिटार चढायला लागली तेव्हा तुम्ही बोट वर केलंत, खट्च्या आधी करायचात तसं. बोट वरच राहिलं आणि गिटार खाली उतरली. तुम्ही डोळे उघडलेत. ते दोघं गायला लागले.

चार मिनिटं मी गाणं ऐकत नव्हते, तुमच्याकडं बघत होते. तुमचा चेहरा आधी उजळला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. लहान मुलासारखे तुम्ही पुढं सरकलात, तोंड उघडं राहिलं, आणि मला वाटलं आता तुम्ही रडणार. मग बाजूला बसलेल्या लेक्चररांनी तुमच्याकडं पाहिलं, आणि तुम्हाला आठवलं की तुम्ही दोन वर्षं काय सांगत होता. उरलेलं गाणं तुम्ही जमिनीकडं बघून ऐकलंत. संपल्यावर जो टूलरूमवाला माझ्यावर हसला होता, तोच तुमच्यावर हसला. "काय राव, टेप संपली होती होय." तेवढ्यावर मी थांबू शकत होते. ट्रे भरलेला होता. मी तो आणून तुमच्यापुढं धरला आणि म्हटलं, "अण्णा, आज कॉफी तुम्ही द्या."

मला वाटलं तुम्ही थोबाडीत माराल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही उठलात, ट्रे घेतलात, आणि एकेकाच्या हातात लोटा देत म्हणालात, "मला ऐकू येत नाही." लेक्चरर म्हणाले, "बेडप्पा, काय हे." तुम्ही म्हणालात, "नियम आहे." तिघांना तीन वेळा. मग चौथा लोटा, तुमचा स्वतःचा, माझ्या हातात दिलात आणि मलाही म्हणालात. आवाजात राग नव्हता. मी तो लोटा घेतला, आणि कॉफी प्यायलेसुद्धा. मग तुम्ही विचारलंत, "ती कॅसेट कुणी भरली होती?" मी म्हटलं, "मामांनी."

आत गेल्यावर आई भाजी चिरत होती. वर न बघता म्हणाली, "अगदी त्यांच्यावर गेलीस." तिनं आयुष्यात मला एवढं वाईट दुसरं काही म्हटलं नाही.

सोमवारी बसमधून उतरलात ते घरी येऊन मला घेऊन परत दुकानात गेलात. म्हणालात, "तुझ्यासमोर विचारतो." मामा स्टूल पुसून पुढं सरकवत होते. तुम्ही बसला नाहीत. ती कॅसेट काउंटरवर ठेवलीत आणि कन्नडमध्ये म्हणालात, की नव्वदची टेप दिली होती, तू साठवर भरलीस, माझी नव्वद दुसऱ्याला वापरलीस, आणि वर कागद चिकटवलास. तीस वर्षं तुझ्या कानांनी ऐकलं मी. मामांनी कॅसेट उचलली, कागदाचा एक कोपरा नखानं उचकला, खाली साठ दिसलं. कार्डावरचं अक्षर पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडलं नाही. त्या वेळी माझ्या डोक्यात काय होतं ते मला नीट आठवतं. मी विचार करत होते, की यांनी सांगितलं तर मला स्टुडिओत जाऊ देणार नाहीत. मामा म्हणाले, "हौदप्पा. नन्न तप्पु." हो बाबा, माझी चूक. तुम्ही म्हणालात, ही तुझ्याकडंच ठेव, आणि पायऱ्या उतरलात. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही एक स्टॉप आधी उतरून चालत घरी यायला लागलात.

मला स्टुडिओत जाऊ दिलंत. त्याच रात्री जेवताना म्हणालात, "जा." रविवारच्या बैठका बंद झाल्या. रेकॉर्ड प्लेअरवर आईनं कपडा घातला, मग त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायला लागली. कामाबद्दल तीन वर्षांत तुम्ही मला एकदाच विचारलंत, "तिथं सगळं शेवटपर्यंत ऐकू येतं ना?" मला ते टोमणा वाटलं. मी म्हटलं, ज्यांना कान आहेत त्यांना येतं. तुम्ही "सरी" म्हणालात आणि बूट घालायला लागलात. आज तो प्रश्न आठवून बघते, तर मला त्यात टोमणा सापडत नाही. शोधला मी. तुम्ही साधं विचारत होता.

सत्त्याण्णवमध्ये तुम्ही त्याच, एक स्टॉप आधीच्या, स्टॉपवर कोसळलात. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मामांच्या दुकानासमोर उतरला असतात तर निदान कुणाच्या तरी मांडीवर डोकं असतं. त्या दिवशी मामा आले होते. फाटकाबाहेर उभे राहिले, चप्पल काढली नाही, कारण आत बोलावतील की नाही ते त्यांना माहीत नव्हतं. मी खिडकीतून त्यांना पाहिलं. बोलावलं नाही. त्यांना पाहून मला रडू आलं असतं आणि रडता रडता माझ्या तोंडून ते बाहेर पडलं असतं. आईनं शेवटी त्यांना आत आणलं.

परवा मी ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं, चांगल्या हेडफोनवर. आवाज तपासणं हे माझं पोट भरायचं काम आहे, तेव्हा भावूक होऊन सांगत नाही. अल्बम ठीक आहे. गाणी लांबलेली आहेत, ड्रम्सचा आवाज त्या काळच्या फॅशनचा, आज ऐकवत नाही. सगळ्या अल्बममध्ये खरोखर चांगली अशी ती चार मिनिटंच आहेत. दोघांचेही आवाज फाटलेले आहेत, एक जण दुसऱ्याची वाट बघून ओळ उचलतो, आणि एका ठिकाणी दोघंही चुकतात आणि ती चूक त्यांनी तशीच ठेवली आहे. तिथं बर आहे, अण्णा. भरपूर आहे. तुम्हाला ती आवडली असती. ज्या गोष्टीची तुम्ही पंधरा वर्षं वाट पाहिलीत ती तुम्हाला आयुष्यात एकदाच ऐकायला मिळाली, आणि तेव्हाही निम्मी, कारण बाकीचा वेळ तुम्ही माझ्यामुळं जमिनीकडं बघत होता. तुम्ही मला सहा वर्षं चारचौघांत उभं केलंत, हे मी माफ केलेलं नाही. करणार नाही. पण तुम्ही तुमचं जे केलंत ते सगळ्यांसमोर केलंत. मी माझं कागदाखाली केलं.

मामांनी दुकान बंद केलं तेव्हा मला बोलावून ती कॅसेट दिली. कागदाचा तो उचकलेला कोपरा तसाच होता. मी काही बोलणार इतक्यात ते म्हणाले, "होग्ली बिडु मगू." जाऊ दे म्हणे. मी जाऊ दिलं. तेही आता नाहीत. उद्या त्या नागपूरच्या मुलीला चार माणसांसमोर सॉरी म्हणायचं आहे. म्हणेन की नाही, माहीत नाही.

हे पत्र कुठं जाणार नाही, वहीतच राहील. तेवढ्यासाठी एक गोष्ट सांगते, जी मामांनाही माहीत नव्हती. तुमची ती नव्वदची कॅसेटही माझ्याकडं आहे. मी तिच्यावर माझी गाणी भरली होती, अगदी मला हवी होती ती सगळी. काल मोजली. एकवीस मिनिटं झाली. पुढं नुसती कोरी टेप आहे.